एआय वापरताय? मग लोकांच्या माहितीचा हिशेब आधी मांडा

एका कंपनीत पहिल्याच बैठकीत मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमच्याकडे एआय कुठे कुठे वापरतात?" उत्तर तयार होतं, "संकेतस्थळावरचा चॅटबॉट, बस." मग एकेका विभागात जाऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत यादी पानभर झाली. मनुष्यबळ विभागात नोकरीसाठी आलेले अर्ज एका मोफत टूलमध्ये टाकून त्यांचा सारांश काढला जात होता. विक्री विभागाच्या ऑनलाइन बैठकांमध्ये टिपणं घेणारा एक बॉट आपोआप सामील होत होता आणि ग्राहकांचं बोलणं कुठल्यातरी सर्व्हरवर साठवत होता. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्मार्ट सूचना' नावाची सोय मागच्या अपडेटनंतर कुणी न सांगताच सुरू झाली होती. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाला आपलं काम लवकर उरकायचं होतं. पण ज्यांची माहिती बाहेर गेली त्यांना याचा पत्ताही नव्हता.

अनेक ठिकाणी हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. व्यवसायाला खरा धोका होतो तो एका कामासाठी घेतलेली माहिती गुपचूप दुसऱ्या कामाला लागते तेव्हा. आणि ती एकदा मॉडेलच्या, म्हणजे माहितीवरून शिकणाऱ्या एआय प्रणालीच्या, प्रशिक्षणात मिसळली की वेगळी काढणं जवळपास अशक्य होतं. त्यामुळे पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी माहिती टूलमध्ये जाण्याआधी करायच्या आहेत.

कायदे कुठल्या दिशेने चालले आहेत

युरोपचा जीडीपीआर, म्हणजे लोकांच्या वैयक्तिक माहितीचं संरक्षण करणारा कायदा, २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात दंड २ कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. त्यावर युरोपचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. २ फेब्रुवारी २०२५ पासून काही वापरांवर थेट बंदी आहे. कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्यावरून किंवा आवाजावरून त्यांच्या भावना ओळखणं हा त्यातलाच एक, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून. बंदी असलेल्या वापरासाठी दंडाची कमाल मर्यादा ३.५ कोटी युरो किंवा उलाढालीच्या ७ टक्के आहे.

ऑस्ट्रेलियाने १९८८च्या गोपनीयता कायद्यात २०२४च्या अखेरीस मोठी दुरुस्ती केली. १० डिसेंबर २०२६ पासून तिथल्या कंपन्यांना, माणसावर लक्षणीय परिणाम करणारे निर्णय संगणकाच्या मदतीने होत असतील, तर ते आपल्या गोपनीयता धोरणात लिहावं लागेल. भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. माहितीची वाजवी सुरक्षा राखली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ब्रिटनने मात्र २०२५च्या कायद्यात स्वयंचलित निर्णयांवरचे निर्बंध थोडे सैल केले. तरीही निर्णयाची माहिती देणं, माणसाकडून फेरतपासणी मिळणं आणि निर्णयाला आव्हान देता येणं या हमी तिथे कायम आहेत.

तुमचा व्यवसाय एका देशात आणि ग्राहक दुसऱ्या देशात असतील, तर यातले बरेच कायदे तुम्हालाही लागू होऊ शकतात. जीडीपीआर तर युरोपातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देऊ करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनाही लागू होतो. म्हणून ग्राहक कुठले आहेत, हे आधी कागदावर लिहून काढा.

पायरी १ : नोंदवही

या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. नोंदवही अर्धवट राहिली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या डळमळीत होतात.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. "परवानगीशिवाय एआय कोण वापरतंय?" असं विचारलं की सगळे गप्प बसतात. त्याऐवजी "कुठल्या कंटाळवाण्या कामात तुम्हाला एआयची मदत होते?" असं विचारा, लोक स्वतःहून टूल उघडून दाखवतात. सुरुवातीला एक महिना जाहीर करा की या काळात जे सांगाल त्यासाठी कुणावर कारवाई होणार नाही. आणि तो शब्द पाळा.

लोक जे विसरतात ते इतर ठिकाणी सापडतं. कंपनीच्या कार्डावरची छोटी मासिक वर्गणी पाहा. ब्राउझरमध्ये बसवलेली एक्स्टेन्शन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्राम, पाहा. बैठकांच्या कॅलेंडरमध्ये माणूस नसलेले पाहुणे कोण आहेत ते पाहा. आधीपासून वापरात असलेल्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नव्याने चालू झालेल्या सोयी शोधा. माझ्या पाहण्यात सर्वाधिक आश्चर्यं या शेवटच्या जागी निघतात, कारण ते सॉफ्टवेअर कधीतरी तपासून मंजूर झालेलं असतं आणि मग कुणी तिकडे वळूनही बघत नाही.

नोंदवहीसाठी साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक वापराला एक ओळ द्या. तीत टूलचं नाव, ते कोण वापरतं, कुणाची आणि कोणती माहिती आत जाते, ती मुळात कशासाठी घेतली होती, आता कशासाठी वापरली जाते, टूल पुरवणारा ती किती दिवस ठेवतो, तिच्यावर मॉडेल शिकवतो का आणि निघालेल्या उत्तरावरून कुणाबद्दल निर्णय होतो का, हे सगळं लिहा. शेवटचा रकाना 'बंद करण्याचा अधिकार कुणाला' असा ठेवा. तिथे विभागाचं नाव चालणार नाही, एका माणसाचं नाव हवं.

पायरी २ : मूळ हेतू आणि आजचा वापर जुळतो का

नोंदवहीतले 'कशासाठी घेतली' आणि 'कशासाठी वापरतो' हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. जिथे ते जुळत नाहीत तिथे लाल खूण करा.

अमेरिकेत एव्हर नावाचं फोटो साठवण्याचं ॲप होतं. लोकांनी त्यात फोटो ठेवले ते जपून राहावेत म्हणून. कंपनीने ते वापरून चेहरा ओळखण्याचं तंत्र विकसित केलं. २०२१मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीला फोटोंबरोबर त्या फोटोंवर तयार झालेली मॉडेलं आणि अल्गोरिदमही नष्ट करायला लावली. म्हणजे हेतू बदलल्याची किंमत मोजताना त्यावर उभं केलेलं सगळं काम गेलं. एखाद्या व्यवसायाला हे दंडाहूनही जड जाऊ शकतं.

"आम्ही धोरण बदलून टाकतो, मग झालं," असं मला बऱ्याचदा ऐकायला मिळतं. ते तसं होत नाही. जुन्या ग्राहकांनी जुन्या आश्वासनावर माहिती दिलेली असते. याच कमिशनने फेब्रुवारी २०२४मध्ये कंपन्यांना बजावलं होतं की जुन्या माहितीवर एआय शिकवता यावं म्हणून गुपचूप अटी बदलणं ही फसवणूक ठरू शकते. खरोखरच नवा हेतू असेल तर लोकांना नव्याने, स्पष्ट विचारा.

इथे एक बारकावा आहे. युरोपात संमतीशिवाय 'वैध हितसंबंध' या आधारावरही माहिती वापरता येते, अर्थात तुमची गरज आणि त्या माणसाचे हक्क यांचा तोल साधल्याचं दाखवावं लागतं. भारताच्या कायद्यात असा सरसकट आधार नाही. तिथे संमती लागते किंवा कायद्यात मोजून दिलेल्या वापरांपैकी एखादा लागू व्हावा लागतो. म्हणून एका देशासाठी तयार केलेला मसुदा नाव बदलून दुसऱ्या देशात वापरणं अंगाशी येतं.

पायरी ३ : आत जाण्याआधी माहिती छाटा

समजा, ग्राहकांच्या तक्रारींची एआयकडून वर्गवारी करायची आहे. एक तक्रार अशी आहे, "माझ्या पार्सलमध्ये इन्सुलिन होतं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे दुपारी घरी नसते, हे मी तुमच्या माणसाला फोनवर सांगितलं होतं. तरी त्याने दुपारी येऊन पार्सल परत नेलं." खाली नाव, मोबाइल क्रमांक आणि पत्ता.

वर्गवारीसाठी यातलं काय लागतं? 'ठरलेल्या वेळेव्यतिरिक्त आले, पार्सल परत नेले, ग्राहकाने आधी कळवले होते, वस्तू तातडीची होती.' एवढंच. नाव आणि नंबर काढायचं सगळ्यांना सुचतं. पण इन्सुलिन हा शब्द तिच्या आरोग्याबद्दल सांगतो आणि 'शाळेत शिकवते' व 'दुपारी घरी नसते' हे एकत्र आलं तर ती कोण आणि तिचं घर कधी रिकामं असतं, हे ओळखता येतं. नाव पुसल्याने ओळख पुसली जाते असं समजू नका. छाटणी करणारा नियम संगणकावर लिहिता येतो, पण पहिल्या शे-दोनशे नोंदी माणसाने डोळ्यांखालून घातल्याच पाहिजेत. सुटलेल्या गोष्टी तिथेच दिसतात.

मुलांची माहिती असेल तर आधी थांबा. वयाची रेषा देशागणिक वेगळी आहे. भारतात ती १८ वर्षांची असून पालकांची पडताळलेली संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे.

पायरी ४ : पुरवठादाराशी करार

टूल दुसऱ्याचं असलं तरी ग्राहकासमोर आणि नियामकासमोर जबाबदारी तुमचीच. पुरवठादाराकडे बोट दाखवून सुटका होत नाही. तेव्हा सही करण्याआधी त्याच्याकडून लेखी उत्तरं घ्या. आमच्या माहितीवर तुम्ही मॉडेल शिकवता का? नाही म्हणत असाल तर ते करारात आहे, की बदलता येईल अशा एखाद्या पानावर? विचारलेले प्रश्न आणि आलेली उत्तरं किती दिवस साठवता? गैरवापर तपासण्यासाठी तुमची माणसं ती वाचतात का? माहिती कोणकोणत्या देशांतल्या सर्व्हरवर जाते? पुढे तुम्ही कोणाकोणाची सेवा घेता? करार संपल्यावर किती दिवसांत पुसाल आणि पुसल्याचा पुरावा द्याल का? माहिती फुटली तर आम्हाला किती तासांत कळवाल?

मोफत आणि सशुल्क आवृत्तीच्या अटी बऱ्याचदा वेगळ्या असतात. एकाच कंपनीच्या टूलची व्यावसायिक आवृत्ती तुमच्या माहितीवर शिकत नाही आणि मोफत आवृत्ती शिकते, असं चित्र सर्रास दिसतं. म्हणून कर्मचाऱ्यांना नुसती मनाई करू नका, पैसे भरून सुरक्षित आवृत्ती द्या. २०२३मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा अंतर्गत सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा टूल्सवर बंदी घातली. मनाई करूनही गरज संपत नाही. लोक मग स्वतःच्या फोनवर तेच करतात आणि नोंदवहीत ते कधीच दिसत नाही.

पायरी ५ : परिणामांचं मूल्यमापन

टूलचा लोकांवर काय परिणाम होईल याचं लेखी मूल्यमापन, धोका मोठा असेल तिथे, जीडीपीआर बंधनकारक करतो, म्हणजे नोकरभरती, कर्ज, आरोग्य, चेहरा किंवा आवाज ओळखणं, कर्मचाऱ्यांवर देखरेख असल्या कामांत. हे टूल सुरू होण्याआधी करायचं. सुरू केल्यावर केलेलं मूल्यमापन म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

छोट्या व्यवसायाने शंभर पानं लिहायची गरज नाही. चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरं पुरेशी आहेत. हे काम कमी माहितीत भागलं असतं का? टूल चुकलं तर कुणाचं काय नुकसान होईल? ती चूक कुणाच्या आणि कशी लक्षात येईल? नुकसान झालेल्याने दाद कुठे मागायची? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक जण अडखळतात.

पायरी ६ : माणसांबद्दलचे निर्णय

जीडीपीआरच्या कलम २२नुसार, ज्याचा माणसावर कायदेशीर किंवा तितकाच गंभीर परिणाम होतो असा निर्णय निव्वळ यंत्राने घेण्यावर बंधनं आहेत. "आमच्याकडे शेवटी माणूसच सही करतो," असं सांगून कंपन्या यातून वाट काढत. डिसेंबर २०२३मध्ये युरोपीय न्यायालयाने जर्मनीतल्या शूफा या पतमानांकन संस्थेच्या प्रकरणात ती वाट अरुंद केली. कर्ज द्यायचं की नाही हे अशा संस्थेने माणसाच्या पतीला दिलेल्या गुणांवरच मुख्यतः ठरत असेल, तर गुण देणं हाच स्वयंचलित निर्णय ठरतो.

त्यामुळे मी सहीकडे पाहत नाही, तपासणाऱ्याच्या मागे उभा राहून त्याचा स्क्रीन पाहतो. एका ठिकाणी अर्ज उघडला की सर्वांत वर लाल रंगात गुण दिसत आणि त्याखाली 'नाकारा' हे बटण आधीच निवडलेलं असे. अर्ज वाचायचा तर दोनदा क्लिक करावं लागे. तिथे माणूस होता, पण विचार करायला जागा नव्हती. आम्ही क्रम उलटा केला. आधी अर्ज, मग तपासणाऱ्याने स्वतःचं मत एका ओळीत लिहायचं आणि त्यानंतरच गुण दिसायचे. दर महिन्याला एक आकडा पाहायचा, तो म्हणजे यंत्राचं मत माणसाने किती वेळा बदललं. तो सतत शून्य असेल तर तपासणी नावापुरतीच चालू आहे असं समजा.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेबाबत विशेष सावध राहा. अमेरिकेतल्या राइट एड या औषधविक्री साखळीने दुकानांत अशी यंत्रणा बसवली आणि तिने निरपराध ग्राहकांना चोर ठरवलं. डिसेंबर २०२३मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत कंपनीला पाळतीसाठी असं तंत्र वापरायला पाच वर्षांची बंदी आली. अचूकता आधी नीट तपासली नव्हती आणि कर्मचाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण दिलं नव्हतं, हे आक्षेपांमध्ये होतं.

पायरी ७ : लोकांना सांगा, त्यांना कळेल असं

"आम्ही सेवा अधिक चांगली करण्यासाठी अत्याधुनिक तंत्रज्ञान वापरतो." या वाक्यातून कुणालाही काहीही कळत नाही. हे पाहा, "तुमच्या अर्जाला एक संगणकप्रणाली गुण देते. त्यासाठी तुमचं उत्पन्न आणि आधीच्या कर्जांची परतफेड पाहिली जाते. गुण कमी आल्यास आमचे अधिकारी अर्ज स्वतः वाचतात. निर्णय पटला नाही तर या पत्त्यावर लिहा, दुसरे अधिकारी तो पुन्हा तपासतील." लिहिताना जर "हे आपण खरंच करतो का?" असा प्रश्न पडला, तर आधी काम सुधारा आणि मग लिहा. सूचना वस्तुस्थितीपेक्षा चांगली असेल तर तीच पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा होते.

चॅटबॉट असेल तर तो यंत्र आहे हे संभाषणाच्या सुरुवातीला सांगा. आणि तो जे सांगतो ते तुम्ही सांगितलं असंच धरलं जाईल, हे लक्षात ठेवा. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला नातेवाइकाच्या निधनानिमित्त मिळणाऱ्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली.

पायरी ८ : "माझी माहिती पुसा" असं पत्र आलं तर

जीडीपीआरमध्ये साधारणपणे एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. मुख्य डेटाबेसमधली नोंद पुसणं सोपं असतं. पण तीच माहिती चॅटबॉटच्या जुन्या संभाषणांत, कागदपत्रं शोधण्यासाठी केलेल्या इंडेक्समध्ये, चाचणीसाठी काढलेल्या प्रतींत आणि पुरवठादाराच्या लॉगमध्येही (आपोआप साठणाऱ्या नोंदींतही) पडलेली असते. नोंदवही नीट असेल तर ही ठिकाणं अर्ध्या तासात सापडतात.

मॉडेलमध्ये माहिती मिसळली असेल तर प्रश्न अवघड होतो. युरोपच्या डेटा संरक्षण मंडळाने डिसेंबर २०२४मध्ये स्पष्ट केलं की वैयक्तिक माहितीवर शिकवलेलं मॉडेल आपोआप निनावी मानता येत नाही, प्रत्येक प्रकरण तपासावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा की ग्राहकांच्या माहितीवर मॉडेल शिकवू नका. ती बाहेर ठेवा आणि गरजेपुरती शोधून मॉडेलला दाखवा. मग मूळ नोंद आणि वर सांगितलेल्या ठिकाणच्या तिच्या प्रती पुसल्या की काम होतं.

पायरी ९ : माहिती फुटली तर

जीडीपीआरनुसार कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला सांगायचं, लोकांना धोका नसेल तेवढा अपवाद. भारताच्या नियमांत धोक्याच्या प्रमाणाची ही चाळणी नाही. तिथे घटना कळताच भारताच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित व्यक्तींना कळवायचं आणि सविस्तर तपशील मंडळाला ७२ तासांत द्यायचा. चुकीच्या टूलमध्ये पेस्ट केलेली ग्राहकयादी ही अशीच घटना असू शकते, हे कर्मचाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. त्यांना सांगा की असं झालं तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा. नंबर भिंतीवर लावा.

नोंदवही पुन्हा कधी उघडायची

नवं टूल घेताना, पुरवठादाराच्या अटी बदलल्याची ईमेल आल्यावर, जुन्या माहितीचा नवा उपयोग सुचल्यावर, एखादी तक्रार आल्यावर. यांपैकी काहीच झालं नाही तरी तीन महिन्यांनी एकदा. अटी बदलल्याची ईमेल सहसा न वाचताच राहते, म्हणून अशा सगळ्या ईमेल एकाच पत्त्यावर येतील असं करा आणि त्या वाचायची जबाबदारी एका माणसाला द्या.

सुरुवातीला सांगितलेल्या कंपनीत आम्ही पहिल्या संध्याकाळी टिपणं घेणारा बॉट बंद केला. दुसऱ्या दिवशी अर्जांचा सारांश काढणाऱ्या मोफत टूलला लिहिलं की उमेदवारांची सगळी माहिती पुसा. काही दिवसांनी खातं आणि त्यातल्या फाइल पुसल्याची पोच मिळाली. त्या अर्जांपैकी प्रशिक्षणात काय वापरलं गेलं, हे आम्ही दोनदा विचारलं. त्याला उत्तर आलं नाही. कंपनीने सगळ्या उमेदवारांना पत्र पाठवून झालेला प्रकार कळवला. नोंदवहीतल्या त्या ओळीसमोर 'पूर्ण' असं अजून कुणी लिहिलेलं नाही.